कपाटात ठेवलेला आवाज

शिवडीच्या गोदीत माझी सगळी नोकरी सील तपासण्यात गेली. गोदामात आलेल्या पेटीचं सील शाबूत आहे का, तार कुणी सैल केली आहे का, पत्र्यावर नवा ओरखडा दिसतोय का, हे आधी बघायचं आणि मगच पेटी आत घ्यायची. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभाव काय होणार? माझी बायको म्हणते, तुम्ही बाजारातून आणलेल्या मेथीच्या जुडीकडेही चोरीचा माल असल्यासारखं बघता. बघतो. त्यात मला तेव्हाही काही वावगं वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

बाबा लालबागच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर काचेची उंच इमारत उभी राहिली, तरी आम्ही मागच्या चाळीतच राहिलो. त्या काचेच्या इमारतीकडे पाठ करून बाबा रोज गॅलरीत बसायचे आणि तंबाखू मळायचे. या तंबाखूनंच शेवटी घात केला. घशात गाठ निघाली आणि परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही.

मला हे ऐकून रागच आला. डॉक्टरांवर, तंबाखूवर, बाबांवर, सगळ्यांवर. कारण बाबांचा आवाज ही आमच्या घरातली एकमेव मोठी वस्तू होती. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत ते विशीतले होते, गिरणगावातल्या एका कलापथकात ढोलकी वाजवायचे आणि गायचे. लाउडस्पीकर नसेल तर बाबांना पुढे उभं करायचे, असं म्हातारे लोक सांगत. त्या दिवसांबद्दल बाबा तुकड्यातुकड्यांनी बोलायचे, कधी जेवताना, कधी दाढी करताना. नीट सलग असं कधीच नाही. आता आवाजच जाणार म्हटल्यावर मी एक माइक आणला आणि त्यांना म्हटलं, "बाबा, बसा. सुरुवातीपासून सांगा."

घरात मुलीचा जुना कॉम्प्युटर होता. ती लग्न होऊन माटुंग्याला गेली आणि तो आमच्याकडे राहिला. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत रोज संध्याकाळी बाबा त्याच्यासमोर बसून बोलले. मालवणीत बोलले, मध्येच गायले, मध्येच पोलिसांना शिव्या घातल्या. बहुतेक सगळं हसतखेळत होतं. एके दिवशी मात्र ते म्हणाले, "दार लाव." मी दार लावलं. मग त्यांनी आवाज खाली आणून एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप चढत गेला.

गोष्ट त्यांच्या जिवलग मित्राची होती. मी त्यांना काका म्हणतो. समोरच्या चाळीत राहायचे, त्याच कलापथकात डफ वाजवायचे. एका पहाटे पथक गिरणीच्या फाटकावर गाणार होतं. जमावबंदी होती, त्यामुळे सगळे एका खानावळीच्या माळ्यावर लपून जमले होते. पोलीस थेट माळ्यावरच आले. बाबांची ढोलकी त्यांनी डोळ्यांदेखत फोडली, बाबांना धरून नेलं. काका तेवढे तिथे नव्हते. ते गिरगावात डफ आणायला गेले होते म्हणे. बाबा सुटून आले तेव्हा काका तुरुंगाच्या दाराशी हार घेऊन उभे होते. बाबांनी हार घालून घेतला, पण तेव्हापासून मनात एकच धरलं, की पोलिसांना जागा सांगितली ती यानंच. पन्नास वर्षं दोघे रोज एकत्र चहा प्यायले आणि बाबा याबद्दल त्यांच्याजवळ अवाक्षर बोलले नाहीत. बोलले ते माझ्या माइकपाशी, तेही आवाज जायच्या आदल्या आठवड्यात.

आता हे काका म्हणजे आमच्या विभागातले मानाचे. दर महाराष्ट्र दिनाला मंडळवाले त्यांना शाल-श्रीफळ देतात आणि ते स्टेजवरून त्याच पहाटेची गोष्ट सांगतात, ढोलकी कशी फुटली त्याची. बाबा कधी स्टेजवर गेले नाहीत. मी लहानपणापासून खाली खुर्चीवर बसून ती गोष्ट ऐकत आलो होतो आणि एकदाही मला प्रश्न पडला नव्हता, की हे स्वतः तिथे नव्हते तर ढोलकी फुटताना यांनी बघितली कशी. बाबांचं ऐकल्यावर मला तो प्रश्न पडला आणि मग तो काही हलेना.

म्हणून मी सगळं बोलणं कॉम्प्युटरमधून काढलं. तिथे चाळीतली मुलं रिझल्ट बघायला यायची, कोण काय उघडेल सांगता येत नव्हतं. दादरच्या एका दुकानातून एक बाहेरून जोडायची डिस्क आणली, काळी, साबणाच्या वडीएवढी. सगळा आवाज तिच्यात भरला आणि ती लोखंडी कपाटात कुलपात ठेवली. मुलगी फोनवर मला म्हणाली, "बाबा, आणखी एक कॉपी करून ठेवा." मी म्हटलं, दोन कॉप्या म्हणजे दोन भोकं.

त्या डिस्कची एक खोड होती, म्हणजे खरं तर त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरची. तो चालू असताना ती जोडली तर त्याला दिसायचीच नाही. आधी वायर लावायची, मग बटण दाबायचं. सुरू होताना पडदा काळा असतो आणि त्यावर पांढरी अक्षरं भराभर येतात. मशीन जागं होता होता आपल्याला काय काय जोडलंय ते चाचपून बघतं. कीबोर्ड सापडला, माऊस सापडला, आतली डिस्क सापडली. सगळ्यात शेवटी एक ओळ यायची, बाहेरची डिस्क, एक. ती ओळ क्षणभरच टिकते, मी चष्मा लावून तिची वाट बघायचो.

पहिल्या दिवशी तर तो सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक ओळ टाकून गप्प बसला, म्हणे सुरू व्हायला लागणारं काही या डिस्कवर नाही. दुकानदारानं येऊन सांगितलं, की सुरू होण्यासाठी लागणारा मालमसाला कुठे शोधायचा याचा एक क्रम मशीनमध्ये ठरलेला असतो. हा आधी बाहेरच्या डिस्कमध्ये शोधत होता आणि तिथे होता फक्त बाबांचा आवाज. त्यानं क्रम बदलून दिला, आधी घरातली डिस्क बघ, मग बाहेरची. मला तो क्रम एकदम पटला. बाबा तेव्हा अजून बोलत होते. पडद्याकडे बघून म्हणाले, "ही तर फाटकावरची हजेरी रे. कायमवाले आधी आत. बदलीवालो भायर उभो. मुकादमान बघल्यान तर बघल्यान."

मग ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्यात भोक आणि हातात पाटी घेऊन. पाटी खाटेच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली असायची. काका रोज यायचे. मी गोदीत आणि बायको शिवणाच्या क्लासला, त्यामुळे दिवसभर बाबांजवळ तेच बसायचे. गळ्यावरचं फडकं ओलं करून बदलायचे, नळी साफ करायचे, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. लोक म्हणायचे, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मी हो म्हणायचो. मनात म्हणायचो, हा माणूस माझ्या घरात दिवसभर एकटा असतो आणि ज्याला सगळं ठाऊक आहे तो मुका झालाय.

काकांना डिस्कबद्दल माहीत होतं. बाबांचा आवाज मी भरून ठेवलाय हे साऱ्या मजल्याला माहीत होतं. संध्याकाळी मी आलो की काका विचारायचे, "लाव मां रे, जरा आयकूया तेका." मी काहीतरी सबब सांगायचो. लाइट गेलेत, वायर सापडत नाही, उद्या बघू. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काय बोललो रे तो?" विचारताना ते हसत होते, पण नजर माझ्या तोंडावर होती. गोदीत सील तोडलेला माणूस असाच हसतो. मी म्हटलं, "काही खास नाही काका, जुनंच सगळं."

दर रविवारी मी डिस्क काढून जोडायचो. ऐकायचो नाही, ऐकवत नव्हतं. ती ओळ आली, आवाज जागेवर आहे, एवढं बघून पुन्हा कुलपात. दसऱ्यानंतरच्या रविवारी जोडली तर ती ओळ आली नाही.

डिस्कवरचा निळा दिवा लागला होता, म्हणजे तिला करंट मिळत होता. पण पडद्यावर कीबोर्ड आला, माऊस आला, आतली डिस्क आली आणि कॉम्प्युटर बाहेरच्या डिस्कबद्दल एक अक्षर न बोलता सरळ पुढे गेला. मी बंद केला, पुन्हा लावला. मागच्या भोकात लावून बघितली, पुढच्या भोकात लावून बघितली. वायर उलटसुलट तपासली. क्रम कुणी बदललाय का तेही बघितलं, तो होता तसाच होता. दर वेळी तेच. त्या काळ्या वडीत बाबांचा होता नव्हता तेवढा सगळा आवाज होता आणि तो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

दादरला दुकानात घेऊन गेलो. दिवाळी तोंडावर, दुकानात गर्दी. दुकानदारानं त्याची वायर खुपसली, पाच सेकंद पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, गेलीय वाटतं. खोलून बघायला लागेल. छोडके जाओ, दोन दिवसांनी या."

"आतलं राहील?"

"गॅरंटी नाय."

"मी इथेच उभा राहतो. माझ्यासमोर उघड."

"अंकल, टाइम किधर आहे?"

मी डिस्क त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरी आलो. ठेवून जा म्हणणाऱ्यावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही.

वाटेत मी विचार केला. डिस्क आपोआप बिघडत नाही. आधीच्या रविवारी चालत होती, मधे ती कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं. म्हणजे कपाट कुणीतरी उघडलं. दुसरी चावी देवाच्या फळीवर असते, ते घरातल्यांना ठाऊक होतं आणि दिवसभर घरात बसणाऱ्यालाही ठाऊक असायला हरकत नव्हती. हेतू कुणाचा होता? तर ज्याच्याबद्दल आत बोललंय त्याचा. मला एवढं स्वच्छ दिसत होतं, की चाळीचे जिने मी दोन दोन पायऱ्यांनी चढलो.

घरी आलो तेव्हा काका बाहेरच्या खोलीत बाबांच्या खाटेवर बसून पेपर वाचत होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला हळू आवाजात विचारलं, "या आठवड्यात कपाट उघडं होतं का?"

"कपाटात माझ्या साड्याही आहेत."

"मी नसताना, काका इथे असताना उघडं होतं का?"

"अहो, काय जबानी घेताय?"

"हो की नाही?"

"होतं. खंडेनवमीला होतं. काकाही होते. पण त्याचं काय झालं..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बाहेर येऊन काकांसमोर डिस्क धरली. "काका, तुम्ही याला हात लावलात?"

काकांनी पेपर खाली घेतला. "कशाक?"

"याला. बाबांच्या आवाजाला. कपाट उघडं होतं आणि तुम्ही इथे होतात. आता हे बंद पडलंय. तुम्हाला आत काय आहे याची फार काळजी होती, म्हणून विचारतो."

ऐंशीच्या घरातल्या त्या माणसानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. "मी कित्याक हात लावू रे? तुझ्या बापाशीचो आवाज माका नको झालो?"

मी म्हटलं, "ते तुम्हालाच माहीत." आणि मला सांगायला हवं, त्या क्षणी मला खूप बरं वाटलं. इतकी वर्षं बाबांनी जे गिळलं ते मी बोलून टाकलं असं वाटलं.

खाटेवर खडखडाट झाला. बाबा पाटी दांड्यावर आपटत होते. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि जोर लावून लिहिलं: मी काढली. त्याखाली लिहिलं: खंडेनवमी.

बायको दारात येऊन उभी होती. "तेच सांगत होते मी," ती म्हणाली. "मामंजींनी पाटीवर लिहून चावी मागितली. मीच कपाट उघडून दिलं."

गिरणीत खंडेनवमीला साचे धुऊन पुसून त्यांची पूजा व्हायची. गिरणी गेल्यावर बाबा घरी मागावरच्या जुन्या धोट्याची आणि नंतर घेतलेल्या ढोलकीची पूजा करायचे, पाट मांडून, हळदकुंकू, फूल, अक्षता. या वर्षी मी गोदीत क्रेनच्या पूजेला गेलो होतो, त्यामुळे मी बघितलं नाही. बायकोनं सांगितलं, बाबांनी पाटावर ढोलकी ठेवलीच नाही. तिच्या जागी ही डिस्क ठेवली. ढोलकीच्या चामड्याच्या पुडीला गंध लावतात, हिला कुठे लावायचं म्हणून ते थोडा वेळ उलटसुलट बघत बसले. मग जिथे वायर लागते तिथे लावलं, तिथूनच आवाज बाहेर येतो म्हणून. वर अक्षता टाकल्या. काका शेजारी बसून घंटी वाजवत होते. संध्याकाळी बायकोनं मी ओरडेन या भीतीनं डिस्क ओल्या फडक्यानं लख्ख पुसली आणि परत जागेवर ठेवली.

मी डिस्क उजेडात धरली. वायरच्या त्या चिंचोळ्या भोकात आत, अगदी तळाशी, लाल काहीतरी चिकटलं होतं. बायकोनं सुई आणली. कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा दाणा निघाला. तो असेपर्यंत वायर पुरती आत बसतच नव्हती. दिव्यापुरता करंट जात होता आणि बाकी काही जात नव्हतं. भोक कोरड्या ब्रशनं साफ केलं, वायर लावली, बटण दाबलं. कीबोर्ड, माऊस, आतली डिस्क. बाहेरची डिस्क, एक.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

काका उठून चपला घालतील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. म्हणाले, "आता लाव."

"काका, नंतर कधीतरी. त्यांना त्रास होईल."

"माझ्याबद्दल बोललो हा ता लाव. माका इचारलंस मां, हात लावलास काय म्हणान? मग आता आयकव."

मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. बायको मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण काका तिथे बसून राहिले होते आणि त्यांना उठवायचा अधिकार मी दहा मिनिटांपूर्वीच घालवला होता. मी तो भाग लावला.

खोलीत बाबांचा आवाज आला. किती दिवसांनी. खर्जातला, थोडा घोगरा. माळा, खानावळ, बुटांचे आवाज, सगळं सांगत गेला. मग तो चढला. "पोलिसांक आमचो ठिकाणो सांगल्यान कोणी? दुसऱ्या कोणाक म्हायतीच नाय होती. माझी ढोलकी फोडल्यानी ती मी बघलंय. आणि हो खंय होतो? गिरगावात!" आणि मग काकांचं नाव. कागदोपत्रीचं नाही, कलापथकातल्या पोरांनी पाडलेलं, जरा वाह्यातच असलेलं. ते त्यांनी दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा तर ओरडून.

मी बंद केलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते आणि गळ्यातल्या भोकातून त्यांचा श्वास जोरजोरानं येत होता.

काका म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. मी काकांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून होतो. आता ते म्हणतील, मी नव्हतो. किंवा म्हणतील, होतो, पोलिसांनी मारलं म्हणून सांगितलं. काहीतरी म्हणतीलच. मी गोदीत अशा वेळी माणूस काय म्हणतो ते खूप बघितलंय. त्यांनी दोन्हीतलं काही म्हटलं नाही. आजतागायत म्हटलेलं नाही आणि माझी शंका आहे तिथेच आहे.

तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पयला नको. माझां नाव घेता तेवढांच लाव."

"काका..."

"त्या नावान माका हाक मारणारे सगळे गेले रे. हो एकटोच होतो. आणि हेचो आवाज तुम्ही कापून टाकलास."

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी चाचपत पाटी ओढली, आधीचं लिहिलेलं तळव्यानं पुसलं आणि पेन्सिल टेकवली. काहीतरी लांबलचक लिहायचं होतं त्यांना. काकांनी आपला पंजा पाटीवर पालथा ठेवला.

"लिव नको," ते म्हणाले. "बोलतस ता आयक."

मी तेवढाच भाग परत लावला.